करंजपाणीची गाडी

रेवदंडा
९ मार्च २०२४

क्षिप्रा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची. त्यातल्या तीन ओळी 'कॉलेजला परत जा' यावर आणि एक आंब्याच्या मोहोरावर. किहीमला आमच्या कुमुदआत्याच्या शेजारी राहायचीस, मला समुद्रात पोहायला शिकवलंस, सगळं कबूल. पण तीन वर्षांनी मोठी असल्याचा माणसाने किती फायदा घ्यावा?

कॉलेज संपलं. सर भर वर्गात म्हणाले, 'बागायतदारांच्या पोरांनी नारळ सोलावेत, इंजिनं आमच्यासाठी ठेवावीत.' मी ड्रॉइंगचा कागद फाडला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि चालू लागलो. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर. बाबा म्हणतात, जा, माफी माग. नाही मागणार. यावर आता तू पुन्हा तीन ओळी खर्च करू नकोस.

मुद्द्याचं लिहितो. मी जीप घेतोय. जुनी, चारही चाकांना जोर असलेली.

फेब्रुवारीत करंजपाणीला तुझ्या आरोग्य उपकेंद्रावर आलो होतो, तेव्हा बाईक ओढ्याच्या अलीकडेच सोडावी लागली. वर चढताना तुम्ही सगळे उतरताना दिसलात. चौघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला झोळी, झोळीत ती म्हातारी आणि बाजूने तू, सलाइनची बाटली हात उंच करून धरलेली. तू मला बघितलंससुद्धा नाहीस. तुझ्या हाताला मुंग्या आल्या असतील, हेच माझ्या डोक्यात राहिलं. अजून आहे.

नवी गाडी घ्यायची ऐपत नाही. बाईक विकली, लॅपटॉप विकतोय. त्यात बसेल ती गाडी घ्यायची आणि पुढचं हाताने करायचं. बाबांकडून एक रुपया घेणार नाही.

'तुझ्यासाठी' असं लिहिणार होतो, पण तू चिडशील. म्हणून लिहितो, करंजपाणीसाठी. दोन्ही खरं आहे.

विहंग

*

करंजपाणी
१६ मार्च

विहंग,

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. वर रेंज नाही म्हणून तुला पत्र लिहायला सांगितलं होतं, असले बेत ऐकवायला नाही.

तू झोळी पाहिलीस, पण झोळीमागचं पाहिलं नाहीस. करंजपाणीला गाडीरस्ता नाहीच, पावसाळ्यात पायवाटही धड नसते. म्हणून यांच्यात पाळी आहे. पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत गावातल्या चार पुरुषांनी गाव सोडायचं नाही. कोणी होडीवर जायचं नाही, खाली मजुरीला जायचं नाही. पंधरवड्याने चार बदलतात. पाळीवाल्यांच्या घरी बाकीची घरं तांदूळ पोचवतात. कोणाची पाळी कधी, हे काळूरामच्या तोंडपाठ. साठी उलटलेला माणूस, पण ओढ्यातला कुठला दगड हलतो आणि कुठला नाही, हे त्याने प्रत्येक पोराला पायाने शिकवलंय. मी इथे आल्यापासून झोळीतून गेलेलं एकही माणूस वाटेत दगावलेलं नाही.

तेव्हा 'करंजपाणीसाठी' लिहू नकोस. करंजपाणीचं चाललंय. तुझं काय चाललंय ते बघ.

आणि घेणारच असशील, कारण तू ऐकणाऱ्यातला नाहीस, तर दिव्यांवर आणि दांडग्या टायरांवर पैसे उधळू नकोस. आधी ब्रेक. मला उतारावर भीती वाटते, चढावर नाही.

क्षिप्रा

*

रेवदंडा
२ एप्रिल

क्षिप्रा,

घेतली!

पेणजवळ एक कंत्राटदार आहे. त्याच्याकडे रस्त्याच्या कामावरची जुनी जीप पडून होती. म्हणाला, "भाऊ, एकदम कंडिशनमधे आहे. फक्त साइटवर चालवली, कोई टेन्शन नही." मी विचारलं, साइट कुठे होती? म्हणाला, "समुद्राला लागून, मस्त हवा." इथेच मला कळायला हवं होतं.

मी वाकून खाली बघितलं. चासीला डांबर चोपडलेलं, जाड, काळंभोर. तुला खरं सांगू? मला बरं वाटलं. आपल्याकडे होडीला लावतात ना, तसं कोणीतरी मायेने लावलंय, असं वाटलं. मुंबई-पुण्याच्या माणसाने शंका घेतली असती. डांबर बघून विश्वास टाकणारे आपणच.

इथे आणून अंबाजीला दाखवली. तो बंदरात बोटींचं वेल्डिंग करतो. त्याने हातोडी मारली आणि डांबरासकट चासीचा टवका खाली पडला. आत नुसता गंज, बिस्किटासारखा. अंबाजी म्हणाला, "भावा, गाडी घेतलीस की डांबर घेतलंस?" बंदरात तेव्हापासून मला डांबरशेठ म्हणतात.

तसाच पेणला गेलो. त्याने हात वर केले. मी त्याच्या ऑफिसातली खुर्ची उचलली होती. आपटली नाही. ही प्रगती समज.

पण इंजिन खणखणीत आहे, क्षिप्रा. चारी चाकांचा छोटा दांडा टाकला की वाळूतून अशी निघते की बघत राहावं. चासी आत्ता अंगणात उलटी पडलीय, सगळं डांबर खरवडतोय. पुढचे दिवे जुनेच ठेवलेत. ब्रेक नवे घेतले. तू सांगितलंस म्हणून.

विहंग

*

करंजपाणी
११ एप्रिल

डांबरशेठ,

तुझं पत्र ओट्यावर वाचत होते. हसले म्हणून काशीने विचारलं, काय झालं? काशी म्हणजे काळूरामची सून, कोंडाजीची बायको. गेल्या वर्षी लग्न होऊन आली. मला भाकऱ्या तीच शिकवते आणि माझी एक भाकरी बघून चार घरांत सांगून येते. तिला गाडीचं सांगितलं. अर्ध्या तासात गाव ओट्यावर.

काळूराम म्हणाला, "गाडी वड्यातून येल?"

"येईल म्हणतोय."

"पान्यातून?"

"त्याचीच तयारी करतोय."

त्याने सदरा सारून खांदा दाखवला. मग म्हणाला, "माज्या खांद्याला घट्टा पडलाय. कोंडाजीच्या बी पडला. त्येच्या पोराच्या नको पडाया." आणि काशी म्हणते, "गाडीवाल्याला सांगा, पैल्यांदा मी बसनार. रेवदंड्याच्या बाजाराला. आजारी न पडता."

तेव्हा आता एकच मागणी. मागे समोरासमोर बाकं नकोत. एका बाजूला सलग फळी कर, माणूस आडवा मावेल एवढी, आणि बाटली अडकवायला वर आकडा.

मे महिन्यात आठ दिवस किहीमला जाणार आहे. घरचं काम आहे.

क्षिप्रा

*

रेवदंडा
२८ मे

क्षिप्रा,

तू किहीमला आल्याचं कळलं म्हणून धावत आलो होतो. कुमुदआत्या म्हणाली, त्यांच्याकडे पाहुणे आहेत, आज नको जाऊस. मी कुंपणावरून बघितलं, ओटीवर पुष्कळ चपला होत्या. परत फिरलो. पाहुण्यांना माझा नमस्कार नाही.

गाडी झाली. आता गप्प बसून ऐक.

चासीला अंबाजीने दोन्हीकडून पट्ट्या मारल्या, बोटीला मारतो तशा. अलिबागला एक टेम्पो मोडीत निघाला होता, त्याचे स्प्रिंगचे पाटे आणून आपल्या पाट्यांखाली एकेक वाढवला, गाडी चांगली वीतभर उंच झाली. टायर जुनेच घेतले, पण खाचा खोल आहेत. इंजिनला पाण्यात हवा मिळावी म्हणून बाजारात जी वर जाणारी नळी मिळते तिची किंमत ऐकून दुकानदाराशी भांडलो आणि मग संडासाच्या पाइपाची बनवली. दिसते तशीच, पण श्वास घेते. पुढे मासेमारीच्या बोटीवरचा जुना रहाट बसवलाय, अडकली तर झाडाला दोर बांधून स्वतःला ओढून घेईल. एवढं सगळं बघून पासिंगवाला काय म्हणेल ते तुझ्या कल्पनेवर सोडतो. पासिंग मी आधीच करून घेतलंय.

मागे फळी. सागवानी, आमच्या वाडीतल्या जुन्या झोपाळ्याची. आकडा आहे. आणि पुढे शेजारची सीट मी स्वतः शिवली. आतमध्ये काथ्या नाही, कापूस भरला.

बाबा रोज बघतात, बोलत नाहीत. काल मात्र टायर लाथेने दाबून बघितला आणि म्हणाले, "हवा कमी ठेव, दगडावर धरेल." अडीच महिन्यांतलं पहिलं वाक्य.

कधी येऊ?

विहंग

*

करंजपाणी
४ जून

विहंग,

ये. पण आधी हे वाच.

परवा काळूरामने सगळ्यांना बसवून सांगितलं, "यंदा पाळी न्हाय. गाडी हाय." चौघांना होड्यांचा सगळा मोसम मिळणार म्हणून आनंदीआनंद. नारळी पौर्णिमेला झाडून सगळे तरणे खाली उतरणार. कोंडाजीही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, एक वर्ष तरी दोन्ही चालू ठेवा म्हणून. त्यांचे चेहरे बघून बोलले नाही.

म्हणून तुझ्याकडून शब्द हवा. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू कागद फाडून निघून जातोस. इथे तसं चालणार नाही. आलास तर दसऱ्यापर्यंत गाडी वर राहिली पाहिजे. सामानाला खाली गेलास तर त्याच दिवशी वर. तुझं-माझं काहीही झालं तरी.

जमणार नसेल तर येऊ नकोस. मी रागावणार नाही.

क्षिप्रा

*

रेवदंडा
७ जून

दिला शब्द. उद्या निघतो. तुझं-माझं काय होणार आहे? चांगलंच होईल.

विहंग

*

रेवदंडा
२० ऑगस्ट

क्षिप्रा,

सव्वादोन महिने तुझ्या ओट्यासमोर राहिलो, पत्राची गरज पडली नाही. आता पडली आहे, कारण काल तुझ्यासमोर मला ओरडण्यापलीकडे काही जमलं नाही.

काल सकाळी नारळी पौर्णिमेचे सगळे तरणे गाडीत कोंबून मीच खाली आणले. वाटभर गाणी. धक्क्यावर कोंडाजी माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, घराकडं बग." मी म्हटलं, तू मासे बघ, घर मी बघतो. मग नारळीभात खायला घरी गेलो. कुमुदआत्या आली होती. भात वाढता वाढता म्हणते, "क्षिप्राच्या लग्नाला काय आहेर करावा रे? तुला विचारायचंच होतं, तुमचं एवढं मेतकूट." मी म्हटलं, कसलं लग्न? "अरे! मे महिन्यात साखरपुडा नाही का झाला? निकेत. अलिबागला बँकेत आहे. दिवाळीनंतर लग्न. तुला बोलली नाही?"

नाही बोलली.

त्या ओटीवरच्या चपला! आणि मी कुंपणावरून बघून परत फिरलो, शहाण्यासारखा.

ताटावरून उठून गाडी वर आणली ती फक्त तू 'खोटं आहे' म्हणावंस म्हणून. तू काय म्हणालीस? "आत ये, लोक ऐकतायत." ऐकू देत! सव्वादोन महिने ओढ्याचं पाणी मोजत झोपलो, तुझी माणसं खाली नेली, वर आणली, माझ्या शेजारच्या सीटवर तू बसावीस म्हणून कापूस भरला, आणि तू मला ड्रायव्हर म्हणून ठेवलंस. बिनपगारी. पगारी असतो तर निदान मालकिणीचं लग्न आहे, हे मला आधी कळलं असतं.

काशी दारात येऊन म्हणाली, "भाऊ, जेवून तरी जावा." मी तिच्याकडे बघितलंही नाही.

येताना साळावच्या पुलावरून फोन खाडीत फेकला. त्यात तुझे फोटो होते. गाडी आमच्या अंगणात उभी आहे. मी शब्द दिला होता, पण तो मला फसवणाऱ्या माणसाला दिला होता. असला शब्द मी धरत नाही. तुझ्या निकेतला सांग गाडी घ्यायला. बँकेत आहे, नवीन मिळेल.

विहंग

*

करंजपाणी
२२ ऑगस्ट

विहंग,

तुझा फोन लागत नाही. फाट्यावर जाऊन पुन्हा पुन्हा लावला. म्हणून लिहिते आहे.

काशी गेली.

काल दुपारी नाचणीची बेणणी करत होती, तण उपटत. बांधाकडेला घोणस होती, पायाला चावली. सखुबाई, तिची सासू, तिथेच होती. तिने हाका मारल्या. मी पोचले तेव्हा काशी शुद्धीत होती, पाय सुजायला लागला होता. माझ्याकडे सलाइन होतं. त्या विषावरचं औषध खालीच मिळतं, तुला माहीत आहे. जुलैत त्या गुराख्याला तूच नेलं होतंस. पाऊण तासात पोचलात आणि तो वाचला.

गावात पुरुष तीन. काळूराम आणि दोन म्हातारे. झोळी माळ्यावरून काढली, बांबूला कीड लागली होती. दुसरा तोडला. पुढचा खांदा काळूरामने दिला, मागचा सखुबाईने, बाकी बायका बदलत होत्या. यांच्यात बायकांनी कधी झोळी उचललेली नाही. त्यांना चाल जमेना, झोळी हेलकावे खायची आणि काशी कण्हायची. ओढ्याला पाणी होतं. हलणारे दगड त्या बायकांना माहीत नव्हते. काळूराम मधे उभा राहून एकेक दगड पायाने दाखवत होता. सखुबाई घसरली. म्हणून पाणी उतरायची वाट बघत अलीकडे बसलो.

काशी मला म्हणाली, "ताई, गाडीवाला रुसला का वो?" मी म्हटलं, येतोय तो. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि ती बोलायची थांबली.

ओढा ओलांडला. फाटा दिसायला लागला होता, तेव्हा गेली. काळूरामला मी लगेच सांगितलं नाही. तो तसाच खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालला.

तू रागात गेलास तेव्हा तुझ्यामागे काही अंतर पळत आले होते. तू आरशात बघितलं असशील, नसशीलही.

क्षिप्रा

*

रेवदंडा
२३ ऑगस्ट

क्षिप्रा,

माझं २० तारखेचं पत्र वाचून झालं असेल तर फाडून टाक. नाही, ठेव. त्यातलं निम्मं खरं आहे.

आई जेवायला बोलावते, मी गाडीत जाऊन बसतो. गाडीला अजून तुमच्याकडच्या चुलीचा वास येतो. राग गेलेला नाही. पण आज सकाळी पाऊस बघितला आणि पहिला विचार आला तो ओढ्याचा. सवय लागलीय, दुसरं काही समजू नकोस.

सोमवारी-मंगळवारी येतो वर. तुझ्याशी बोलणार नाही, काळूरामच्या पडवीत राहीन, दसरा झाला की निघेन. दोन दिवस गाडीशिवाय काढले की तुम्हालाही कळेल, ती तिथे उभी असते म्हणजे काय असतं. काशीला सांग, तिच्या हातचं जेवल्याशिवाय आलो, म्हणून उपाशीच आहे. तिला हसायला येईल.

विहंग

*

रेवदंडा
२६ ऑगस्ट

क्षिप्रा,

तुझं २२ तारखेचं पत्र आज दुपारी आलं.

माझं २३ चं पत्र तुला मिळालं असेल तर

काय लिहू कळत नाही. चावी लावून गाडी पुलापर्यंत आणली आणि पुढे नेता येईना. कोणत्या तोंडाने येऊ? तू ये म्हण, मी येतो. येऊ नको म्हण, येत नाही. फक्त काहीतरी लिही. शिव्या लिही.

आरशात बघितलं होतं. तू दिसली होतीस. मी छोटा दांडा टाकून वेग वाढवला.

विहंग

*

करंजपाणी
२९ ऑगस्ट

विहंग,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. त्यातलं एक मी काशीच्या घरात बसून वाचलं, सगळ्यांसमोर. काळूरामने विचारलं, काय म्हनतो? मी सांगितलं, येतो म्हणतो. यापेक्षा जास्त सांगायची माझी हिंमत झाली नाही.

शिव्या देणार नाही. द्यायच्या तर मलाही त्यातल्या निम्म्या घ्याव्या लागतील. साखरपुडा मी तुझ्यापासून लपवला. निकेतला मी हो म्हटलं ते माझ्या मनाने. तो चांगला आहे, त्यात तुझ्याशी काही फसवाफसवी नव्हती. पण तुला सांगितलं असतं तर तू तेव्हाच निघून गेला असतास आणि गाडी गेली असती. दसरा होऊ दे, मग सांगू, असं रोज ठरवत होते. तुझ्या शेजारच्या सीटवर बसायचे तेव्हा तुझा चेहरा दिसायचा मला. दिसत होतं आणि मी बसत होते. गावाच्या भल्यासाठी, असं स्वतःला समजावत होते. तू एकदा 'करंजपाणीसाठी' लिहिलंस तेव्हा तुला हसले होते.

आता कामाचं. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही, शाळेवर खालून येणारे मास्तर आज उतरतायत, त्यांच्या हाती देते.

कोंडाजीची बोट रविवारी लागेल. त्याला काही माहीत नाही. वायरलेसवर निरोप देता आला असता, पण काळूराम म्हणाला, समुद्रात सांगू नका, पोरगं पान्यात उडी टाकील. धक्क्यावर कोणी जायचं, यावर इथे बोलणं झालं. मी म्हटलं मी जाते. काळूरामने नको म्हटलं. यांच्यात असं आहे की होडीवर पोचवायला जो गेला असेल, त्यानेच माणूस परत घरी आणायचा. कोंडाजीला तू पोचवलंस. काळूराम एवढंच म्हणाला, "त्यालाच सांगू द्या." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

तर तू जा. फिरवून सांगू नकोस. त्याला वर आण आणि परत जा. मला भेटू नकोस, मला तुझ्याशी काय बोलावं ते कळणार नाही.

पाळी पुन्हा लावली आहे. दोन जण मजुरी सोडून वर आलेत. तुझी गाडी नको, असं कोणी म्हणत नाही. तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

क्षिप्रा

*

रेवदंडा
२ सप्टेंबर

क्षिप्रा,

सांगितल्याप्रमाणे केलं. तू दारात उभी होतीस, मी ओढ्याकडून बघितलं. उतरलो नाही. जे झालं ते तुला कोंडाजी सांगणार नाही, म्हणून लिहितो.

बोट दहाच्या सुमाराला लागली. मी गाडी धक्क्यापर्यंत नेली होती. त्याने लांबूनच बघितली आणि बोटीवरच्यांना ओरडून सांगितलं, "बगा रं, गाडी आलीय न्यायला!" त्यांनी त्याची टिंगल केली, कोंडाजीशेठ, आमाला बी सोडा वाटेत. तो सगळ्यांना हात करून उतरला. अंगाला मासळीचा वास, दाढी वाढलेली, खूश होता. मासळी चांगली लागली होती. पुढच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं.

मी चावी लावली, फिरवली नाही.

तो म्हणाला, "चल की."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गाडी हितं हाय, मग वर कोन हाय रं?"

क्षिप्रा, मी घरातून वाक्य ठरवून निघालो होतो. ते आलंच नाही. मी म्हटलं, "काशीला घोणस चावली. गेली ती." असंच म्हटलं. तू म्हणाली होतीस, फिरवून सांगू नकोस.

"कंदी?"

"तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी."

"गाडी?"

"माझ्या अंगणात होती. मी भांडून खाली आलो होतो."

"कोनाशी भांडलास? तिच्याशी?"

"नाही. क्षिप्राशी."

त्याला ते समजेना. पुन्हा विचारलं, "तिचं काय त्येच्यात?" मी म्हटलं, काही नाही. तो समोरच्या काचेकडे बघत बसला. मला वाटलं मारेल. मी मान पुढे करून बसलो होतो, खरंच. त्याने दार उघडलं, पिशवी उचलली आणि चालायला लागला.

मी गाडी घेऊन मागे गेलो. म्हटलं, कोंडाजी, बस, लांब आहे. तो वळला नाही. तो साळावच्या पुलावरून चालत गेला आणि मी मागे, पहिल्या गिअरमध्ये. मागच्या एसटीवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी शिव्या घातल्या. पुढे जा म्हणून मी हात केला, पण कोंडाजीच्या पुढे गेलो नाही. फाट्यावरचा चहावाला उठून उभा राहिला. कोंडाजीने त्याच्याकडेही बघितलं नाही. चढाला लागल्यावर एकदा दगडावर बसला, तेव्हा मीही थांबलो. दोघांच्या मध्ये वीस-पंचवीस पावलं होती. तो रडत होता की धापा टाकत होता, पाठीवरून कळेना.

ओढ्याला पाणी होतं, कमरेच्या वर. तो काठावर उभा राहिला. काळूरामने त्याला दगड शिकवलेत, पण पाणी गढूळ होतं आणि तो बारा-तेरा दिवस डोलणाऱ्या फळ्यांवर राहून आलेला, पाय स्थिर नव्हते. मी गाडी हळूच पाण्यात घातली, वरच्या अंगाला, म्हणजे धार गाडीवर आपटून फुटेल. आणि थांबलो. बोलायची लायकी नव्हती.

बऱ्याच वेळाने मागे वजन आल्यासारखं वाटलं. आरशात बघितलं. त्याने मागची दांडी धरली होती. गाडीत चढला नव्हता, पाण्यातच उभा होता, एका हाताने पिशवी डोक्यावर धरून. मी गाडी इतकी सावकाश कधी चालवली नव्हती. त्याचं पाऊल पडायचं, मग मी चाक पुढे घ्यायचो. फळी रिकामी होती, आकडा हलत होता.

पलीकडे चाकं कोरडी झाल्यावर त्याने दांडी सोडली. तो हात सदऱ्याला पुसला, उलटा-सुलटा, दोनदा. आणि वर गावाकडे चढायला लागला. तिथून पुढे मी गेलो नाही.

विहंग